फाटलेला आवाज : दोष शोधावा कसा?

चेन्नई शहराच्या पूर्वेस, मरीना किनाऱ्याला लागून, तिरुवल्लिकेणी हा जुना भाग वसलेला आहे. 'अल्लि' म्हणजे कुमुद आणि 'केणी' म्हणजे तळे. कुमुदांचे पवित्र तळे असा या नावाचा अर्थ होतो. इंग्रजांच्या उच्चारात त्याचे 'ट्रिप्लिकेन' झाले. येथील पार्थसारथी मंदिराची परंपरा पल्लवकाळापर्यंत, म्हणजे आठव्या शतकापर्यंत मागे जाते. उत्सवाच्या दिवशी देवाची स्वारी मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून निघते. पुढे आळवारांच्या तमिळ प्रबंधाचे पठण करणारी मंडळी, मागे वेदपठण करणारी मंडळी, आणि सर्वांवर मात करणारा नादस्वरम् व तविल यांचा घोष, असा हा थाट असतो.

याच भागात 'मॅन्शन' या नावाने ओळखली जाणारी, एकट्यादुकट्या तरुणांना राहण्यासाठी खोल्या देणारी अनेक निवासगृहे आहेत. अशाच एखाद्या मॅन्शनमधील एक तरुण आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. त्याने मिरवणुकीचे चित्रण मोबाइलवर केले आहे. पठण करणाऱ्यांमध्ये त्याच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांच्याजवळ त्याने एक लहान ध्वनिमुद्रण यंत्रही ठेवले होते. रात्री खोलीवर येऊन तो दोन्ही मुद्रणे संगणकावर घेतो, संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र मांडतो आणि ऐकू लागतो. आवाज फाटलेला आहे. नादस्वराच्या जागी खरखर ऐकू येते. वृद्धांचा आवाज कधी पोकळ, तर कधी चिरका भासतो. आता तो काय करील? बहुतेक जण जे करतात तेच. सॉफ्टवेअरमधील एकामागून एक कळ दाबून पाहील, आवाज कमी-जास्त करील, खरखर काढण्याची सोय वापरील आणि दोन तासांनी पूर्वीपेक्षा वाईट आवाज घेऊन झोपी जाईल.

या प्रकरणात आपल्याला त्या तरुणाला मदत करावयाची आहे. एक गोष्ट प्रथमच लक्षात घेतली पाहिजे. 'आवाज फाटला' हे एका रोगाचे नाव नाही. ते एक लक्षण आहे, आणि ताप जसा अनेक रोगांत येतो तसे हे लक्षणही अनेक दोषांत दिसते. त्यांपैकी काही दोषांत मूळ ध्वनी शाबूत असतो, केवळ तो चुकीच्या रीतीने वाजवला जात असतो. काही दोषांत मात्र ध्वनीचा काही भाग कायमचा नष्ट झालेला असतो. पहिल्या प्रकारचा दोष क्षणात दूर होतो. दुसऱ्या प्रकारात मलमपट्टी तेवढी करता येते. म्हणून उपचारापूर्वी निदान झाले पाहिजे.

ध्वनीचे आकड्यांत रूपांतर

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील जलद चढउतार. माइकमधील पातळ पडदा या चढउतारांबरोबर कंप पावतो आणि त्या कंपनांचे विद्युत्‌दाबात रूपांतर होते. पुढे हा विद्युत्‌दाब ठरावीक अंतराने मोजला जातो व प्रत्येक मोजमाप आकड्याच्या रूपाने नोंदवले जाते. चित्रफितींसाठी सामान्यतः सेकंदाला ४८,००० मोजमापे घेण्याची पद्धत आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या संगीताच्या सीडीसाठी हा आकडा ४४,१०० ठरवण्यात आला. मनुष्याच्या कानाला साधारणपणे सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, आणि कोणताही ध्वनी विश्वासूपणे नोंदवायचा तर त्याच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक मोजमापे घ्यावी लागतात. दोन्ही आकडे ४०,००० च्या वर का, याचा उलगडा यावरून होईल.

४४,१०० हा विचित्र आकडा आला कोठून, याची हकीकत मनोरंजक आहे. आरंभीच्या काळात आकड्यांच्या रूपातील ध्वनी साठवण्यासाठी चित्रफितीचीच यंत्रे वापरीत. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन मोजमापे, एका क्षेत्रात २४५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रे, असा हिशेब मांडला की गुणाकार ४४,१०० येतो. ज्या देशांत सेकंदाला ५० क्षेत्रांची पद्धत होती तेथे २९४ रेषा घेतल्या तरी उत्तर तेच येते. चित्रफितीच्या पोटातून जन्मलेला हा आकडा पुढे चित्रफितीच्याच ४८,००० या आकड्याशी भांडत राहिला.

प्रत्येक मोजमाप किती सूक्ष्म असावे हा दुसरा प्रश्न. १६ अंकस्थानांच्या द्विमान पद्धतीत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. त्यांतील सर्वांत वरची पायरी ३२,७६७ आणि सर्वांत खालची उणे ३२,७६८. सर्वांत बारीक व सर्वांत मोठ्या ध्वनीमधील अंतर यामुळे सुमारे ९६ डेसिबलपर्यंत राखता येते. वरच्या पायरीच्या पलीकडे मात्र काहीच नाही. संगणकाच्या मापकावर ही कमाल मर्यादा शून्य डेसिबल म्हणून दाखवतात आणि बाकीचे सर्व ध्वनी उणे आकड्यांत मोजतात. हे छप्पर ध्यानात ठेवले की पहिला दोष समजणे सोपे जाते.

छाटलेला तरंग

नादस्वर हे मोकळ्या मैदानात, मिरवणुकीत वाजवण्यासाठी घडलेले वाद्य आहे. महाराष्ट्रातील सनई त्याच कुळातील, पण तिच्या मानाने नादस्वर आकाराने मोठा आणि आवाजाने कितीतरी बुलंद. असे वाद्य माइकपासून दोन हातांवर आले, तर मोजमापाचा आकडा छपराला जाऊन भिडतो. ज्या ठिकाणी तरंगाला गोल माथा हवा, तेथे यंत्र ३२,७६७ हाच आकडा पुनःपुन्हा लिहीत राहते. डोंगराचा माथा छाटून पठार करावे तसा तरंगाचा माथा सपाट होतो. ध्वनितंत्रज्ञ याला 'क्लिपिंग' म्हणतात. सपाट माथ्याच्या तीक्ष्ण कडांतून मूळ ध्वनीत नसलेले अनेक वरचे स्वर उत्पन्न होतात, आणि तीच आपल्याला ऐकू येणारी फाटकी खरखर.

हा दोष डोळ्यांनीही पाहता येतो. सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीची आकृती मोठी करून पाहावी. माथे एका सरळ रेषेत कापलेले दिसले तर क्लिपिंग झाले आहे असे समजावे. येथे एक बारकावा आहे. माथे सपाट आहेत, पण ती सपाटी छपरापर्यंत पोचलेली नाही, असेही कधी आढळते. याचा अर्थ असा की आकड्यांत रूपांतर होण्यापूर्वीच, माइकमध्ये किंवा त्यानंतरच्या विद्युत्‌मंडलात, ध्वनी छाटला गेला. किंवा छाटलेला ध्वनी नंतर कोणीतरी लहान केला. आवाज कमी केल्याने छाटलेले माथे परत उगवत नाहीत. पठार खाली सरकते, एवढेच.

क्लिपिंग मुद्रणाच्या वेळी झाले की संपादनाच्या वेळी, हा भेद फार महत्त्वाचा आहे. समजा, मूळ मुद्रण निर्दोष आहे. पण त्या तरुणाने पठण, नादस्वर आणि पार्श्वसंगीत असे तीन पदर एकावर एक ठेवले आहेत. सॉफ्टवेअर या पदरांतील आकड्यांची बेरीज करते. दोन सर्वस्वी एकसारखे ध्वनी मिळवले तर पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते; समान जोराचे दोन निरनिराळे ध्वनी मिळवले तर सरासरीने ३ डेसिबलने. वेगवेगळे ऐकताना शुद्ध असणारे पदर एकत्र येताच छपराला भिडतात. अशा वेळी एकत्रित ध्वनीचा मापक पाहावा. तो लाल झाला असेल तर प्रत्येक पदर थोडा खाली आणावा. पुष्कळशी आधुनिक सॉफ्टवेअरे आतली बेरीज ३२ स्थानांच्या 'तरत्या' अंकपद्धतीने करतात. या पद्धतीत छप्पर फार उंच असल्यामुळे बेरजेत काही नष्ट होत नाही. छाटणी होते ती शेवटी, ध्वनी बाहेर वाजवताना किंवा अंतिम फाइल तयार करताना. म्हणजे हा दोष पूर्णपणे दुरुस्त होण्याजोगा आहे. मुद्रणातच झालेल्या छाटणीसाठी मात्र हरवलेल्या माथ्यांचा अंदाज बांधणारी साधने वापरावी लागतात. एखादा अधूनमधून छाटलेला माथा ती बऱ्यापैकी भरून काढतात. सतत छाटलेल्या ध्वनीपुढे त्यांचा इलाज चालत नाही.

दोन घड्याळांचा झगडा

आता दुसरा प्रकार पाहू. आवाज खरखरत नाही, पण तो ओळखीचा वाटत नाही. गंभीर आवाजाचे वृद्ध गृहस्थ अकस्मात पातळ, घाईच्या आवाजात बोलू लागतात. अशा वेळी मोजमापांच्या आकड्यांकडे वळावे. सेकंदाला ४४,१०० या गतीने नोंदवलेली मोजमापे ४८,००० या गतीने वाचली गेली, तर ६० मिनिटांचे पठण ५५ मिनिटे साडेसात सेकंदांत संपेल आणि त्याची पट्टी सुमारे दीड अर्धस्वराने चढेल. पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कोठेतरी गात असल्याचा भास होईल. उलट चूक झाली, तर तेच पठण ६५ मिनिटे १८ सेकंद चालेल आणि पट्टी तितकीच उतरेल.

चित्रपटसृष्टीला हा अनुभव नवा नाही. सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने घेतलेले चित्रपट २५ चित्रांच्या दूरदर्शन पद्धतीवर दाखवताना सुमारे ४ टक्के जलद धावत, आणि त्यांतील गाण्यांची पट्टीही त्या प्रमाणात चढत असे. श्रुतीला प्राण मानणाऱ्या कर्नाटक संगीताच्या श्रोत्याला अशी चूक तत्काळ टोचते. भाषणाच्या श्रोत्याला ती वर्षानुवर्षे कळणारही नाही.

समाधानाची गोष्ट अशी की या दोषात एकही आकडा हरवलेला नसतो. फाइल खरोखर कोणत्या गतीने नोंदवली आहे ते पाहावे, सॉफ्टवेअरला ती गती नीट सांगावी, आणि संपूर्ण प्रकल्पासाठी ४८,००० ही एकच गती ठरवून बाकीच्या फाइली तिच्यात रीतसर रूपांतरित करून घ्याव्यात. मोबाइलवरील चित्रणात आणखी एक अडचण येते. पुष्कळ मोबाइल प्रकाश पाहून चित्रांची गती कमीजास्त करीत राहतात. त्यामुळे आवाज शुद्ध असूनही तो हळूहळू ओठांच्या पुढे किंवा मागे सरकतो. असे चित्रण संपादनापूर्वीच स्थिर गतीत रूपांतरित करून घेणे श्रेयस्कर.

पोकळ आवाज

आपल्या तरुणाने एकच ध्वनी दोन ठिकाणांहून मुद्रित केला होता, हे वाचकांना स्मरत असेल. लहान यंत्र पठण करणाऱ्यांजवळ होते. मोबाइल घेऊन तो स्वतः समोरच्या घराच्या ओट्यावर, ज्याला तमिळमध्ये 'तिण्णै' म्हणतात, उभा होता. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मोबाइल साडेतीन मीटरांच्या आसपास दूर असेल, तर तोच शब्द त्याच्यापर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागाने उशिरा पोचतो. दोन्ही पदर एकदम वाजवले की ५०, १५०, २५० अशा ठरावीक कंपनसंख्यांवर एकाचा माथा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो आणि ते स्वर परस्परांना खाऊन टाकतात. आवाज नळातून आल्यासारखा पोकळ होतो. उपाय साधा आहे : दोहोंपैकी एक पदर बंद करावा. मोबाइलचा ध्वनी केवळ जुळणीसाठी वापरावा आणि जुळणी झाली की त्याला मौन द्यावे.

याच कुळातील एक फसवा दोष आहे. डाव्या व उजव्या बाजूंपैकी एकीचा तरंग उलटा नोंदवला गेला, तर हेडफोनमध्ये आवाज थोडा विस्कटलेला, पण पुरेसा मोठा वाटतो. तीच चित्रफीत एकच ध्वनिक्षेपक असलेल्या मोबाइलवर लावली की दोन्ही बाजूंची बेरीज शून्याकडे जाते आणि वक्ता मुका होतो. म्हणून काम संपवण्यापूर्वी दोन्ही बाजू एकत्र करून एकदा तरी ऐकावे.

जो दोष फाइलमध्ये नसतोच

कधीकधी चटचट असा आवाज येतो, पण तोच भाग पुन्हा वाजवला की चटचट दुसऱ्याच ठिकाणी होते. ही खूण मोलाची आहे. फाइलमध्ये दोष असता तर तो जागा बदलता ना. येथे संगणक वेळेवर आकडे पुरवण्यास कमी पडत आहे. गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. पंप थांबून थांबून चालतो, तरी नळ अखंड वाहतो, कारण मध्ये टाकी आहे. टाकी फार लहान असेल तर पंप थांबताच नळ फुरफुरू लागतो. संगणकातही ध्वनीसाठी अशी एक लहान टाकी असते, तिला 'बफर' म्हणतात. जड चित्रे उलगडण्यात संगणक गुंतला की ही टाकी रिकामी पडते आणि ध्वनीत क्षणभर खंड पडतो. बफर वाढवावा, इतर कामे बंद करावीत, किंवा संपादनापुरत्या चित्रांच्या हलक्या प्रती वापराव्यात. अंतिम फाइल तयार करताना संगणकाला घाई नसते. त्यामुळे पुष्कळदा ती निर्दोष निघते आणि संपादकाची चिंता व्यर्थ ठरते.

शेवटचा प्रकार आपणच निर्माण केलेल्या दोषांचा. गर्दीचा गोंगाट काढण्यासाठी ध्वनिशुद्धीचे साधन जोराने वापरले की गोंगाटाबरोबर शब्दांतील 'स', 'श' यांसारखे घर्षक वर्णही पुसले जातात आणि माणूस पाण्याखालून बोलत असल्यासारखा वाटतो. फाइल लहान करण्यासाठी ध्वनी पुनःपुन्हा आकुंचित केला तरी परिणाम असाच होतो. प्रत्येक वेळी काही अंश टाकून दिला जातो आणि तो परत येत नाही.

निदानाचा क्रम

आतापर्यंतच्या विवेचनावरून तपासणीचा एक क्रम सहज निघतो.

१. मूळ फाइल संपादनाच्या सॉफ्टवेअरबाहेर, साध्या वादकावर आणि शक्य तर दुसऱ्या यंत्रावर ऐकावी. तेथे ती शुद्ध असेल तर मुद्रण निर्दोष आहे.
२. हेडफोन, तार आणि ध्वनिक्षेपक बदलून पाहावेत. सैल जोडणीने पुष्कळांचे तास फुकट घालवले आहेत.
३. दोष प्रत्येक वेळी त्याच क्षणी येतो की जागा बदलतो, ते पाहावे. जागा बदलत असेल तर बफरकडे वळावे.
४. पट्टी किंवा कालावधी बदलला असेल तर मोजमापांची गती तपासावी.
५. आकृती मोठी करून माथे सपाट आहेत का ते पाहावे.
६. सर्व पदर बंद करून एकेक सुरू करावा. प्रत्येक पदरावरील संस्कारही असेच एकेक करून काढून पाहावेत.
७. अर्ध्या मिनिटाचा भाग अंतिम स्वरूपात काढून दुसऱ्या यंत्रावर ऐकावा.

या क्रमामागील तत्त्व एकच आहे. माइकपासून कानापर्यंत एक साखळी आहे. एका वेळी एकच कडी बदलावी आणि काय फरक पडतो ते पाहावे. दोन कड्या एकदम बदलल्या तर दोष गेला तरी तो कोठे होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो परत भेटतो.

जपणूक

तिरुवल्लिकेणीतून रिची स्ट्रीट हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार फार दूर नाही; माइक, तारा, यंत्रे, सर्व काही तेथे मिळते. पण बाजारात न मिळणारी एक वस्तू आहे : होऊन गेलेला क्षण. या परिसराला आवाजाच्या प्रसाराचा जुना इतिहास आहे. मद्रास महानगरपालिकेने १९३० मध्ये आपले रेडिओ केंद्र चालवण्यास घेतले, तेव्हा मरीनावर फिरायला येणाऱ्यांना ध्वनिवर्धकांवरून कार्यक्रम ऐकवले जात. १६ जून १९३८ रोजी आकाशवाणीचे मद्रास केंद्र सुरू झाले. आणि त्याआधी, १९२१ पर्यंत, याच तिरुवल्लिकेणीत महाकवी सुब्रह्मण्य भारती राहत होते. त्यांची कविता आज छापील रूपात लक्षावधी वाचकांकडे आहे. त्यांचा आवाज मात्र कोणाकडेही नाही. महाराष्ट्रातील कीर्तन तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत गेले आणि तेथील हरिकथेत साकी, दिंडी हे छंद रुजले. परंतु एकोणिसाव्या शतकातील त्या कथाकारांचे गळे कसे होते हे आपल्याला केवळ वर्णनांवरून जाणावे लागते.

त्यांच्या काळी असे साधन सर्वांच्या हाती नव्हते. आपल्या हाती ते आहे, आणि म्हणूनच निष्काळजीपणाला सबब उरत नाही. मुद्रणापूर्वी अर्धा मिनिट चाचणी घ्यावी. ती पठणाच्या नव्हे, नादस्वराच्या आवाजावर घ्यावी, कारण छपराला भिडणार आहे तो नादस्वर. त्याचे सर्वांत मोठे स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी ठेवावी. बारीक आवाज नंतर वाढवता येतो, छाटलेला माथा परत आणता येत नाही. अंतिम फाइलमध्येही छपराखाली एक डेसिबल जागा मोकळी सोडावी, कारण आकुंचनाच्या क्रियेत माथे किंचित उंचावतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ फाइलीवर कधीही काम करू नये. तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. आज असाध्य वाटणारा दोष उद्याचे साधन दूर करू शकेल. पण त्यासाठी मूळ मुद्रण जिवंत असले पाहिजे.

आपल्या तरुणाच्या बाबतीत काय झाले असेल? क्रमाने तपासल्यावर त्याला आढळेल की पोकळपणा दोन पदरांमुळे होता, चिरकेपणा गतीच्या चुकीमुळे. हे दोन्ही दोष दहा मिनिटांत गेले. नादस्वराची खरखर मात्र मुद्रणातच होती. ती थोडी सौम्य झाली, पूर्ण गेली नाही. मिरवणूक पुढच्या वर्षी पुन्हा निघेल आणि नादस्वर तेव्हा नीट मुद्रित करता येईल. वृद्ध गृहस्थांचे पठण मात्र पुन्हा मिळेलच असे नाही, आणि ते शुद्ध स्वरूपात वाचले, कारण दोष शोधण्यापूर्वी त्याने मूळ फाइल पुसली नव्हती.